सगळे रिपोर्ट चांगले असताना: किडनी प्रत्यारोपणानंतरच्या मानसिक त्रासाचं एक प्रकरण

प्रत्यारोपण विभागाकडून मानसशास्त्रज्ञाकडे रुग्ण पाठवला जातो, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत बहुधा गोळ्यांचाच विषय असतो. या रुग्णाच्या चिठ्ठीतही तोच होता. शस्त्रक्रियेला पाच महिने झाले, डोस बदललेला नसताना टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाची) रक्तातली लेव्हल सारखी वरखाली होते, गोळ्या वेळेवर घेत नसावा, समुपदेशन करावं. तो झोपत नाही, धास्तावलेला आहे, कशातच त्याचं मन लागत नाही, यातलं काहीच चिठ्ठीत नव्हतं. डॉक्टरांना त्याबद्दल बोल लावता येणार नाही, कारण रुग्णाने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

आधी एक खुलासा. हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. प्रत्यारोपणाच्या रुग्णांबरोबर काम करताना जे पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतं, ते एका माणसाच्या हकिकतीत गुंफलं आहे, म्हणजे कुणाचीही ओळख उघड होणार नाही. औषधं, तपासण्या आणि उपचार मात्र प्रत्यक्षात असतात तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ३६ वर्षांचा, शाळेत गणिताचा शिक्षक. घरी पत्नी आणि लहान मुलगी. आयजीए नेफ्रोपॅथी या आजाराने दोन्ही किडन्या काही वर्षांत हळूहळू निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, असं सव्वादोन वर्षं चाललं. या काळात त्याने नोकरी सोडली नाही. तासांचं वेळापत्रक बदलून घेतलं, दुपारनंतर डायलिसिसला जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात उभा राहायचा. नातेवाइकांत ‘खंबीर माणूस’ अशी त्याची ओळख झाली. ती ओळख पुढे त्याला फार जड गेली.

किडनी मोठ्या बहिणीने दिली. तपासण्या जुळल्या आणि तिने क्षणभरही मागेपुढे पाहिलं नाही. प्रत्यारोपणाआधी दोघांचीही मानसिक तपासणी झाली होती. रुग्णाच्या अहवालात ‘कुटुंबाचा आधार उत्तम, मानसिक तक्रार नाही’ अशी नोंद आहे. ती नोंद खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण या मुलाखतीवरच आपल्याला किडनी मिळणं न मिळणं ठरणार, अशी रुग्णाची समजूत असते. अशा मुलाखतीत कोण आपली भीती उघडी करेल? त्यामुळे प्रत्यारोपणापूर्वीचं ‘तक्रार नाही’ हे मी नेहमी जरा राखूनच वाचते.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात उजवीकडे बसवली. जुन्या किडन्या, बहुतेक रुग्णांत असतं तसं, जागच्या जागीच राहिल्या. आठवड्याभरात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी काम करू लागली की वाढणारा रक्तातला आकडा, १.२ वर आलं. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन, शिवाय संसर्ग होऊ नये म्हणून सुरुवातीचे काही महिने द्यायची औषधं, असा नेहमीचाच गोळ्यांचा डबा घेऊन तो घरी गेला. बहीणही चार-पाच दिवसांत घरी गेली.

साडेचार महिन्यांच्या आसपास क्रिएटिनिन १.५ झालं. बायोप्सी केली. त्यात रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, नव्हतं, मूळ आजारही परतलेला नव्हता. पाणी कमी पडल्यामुळे आणि एका तपासणीत लेव्हल जास्त निघाल्यामुळे तेवढी वाढ झाली असावी असं ठरलं, आणि आकडा खाली आलाही. डॉक्टरांच्या लेखी प्रश्न मिटला. रुग्णाच्या मनात मात्र तो तिथून सुरू झाला. बायोप्सीनंतर काही तास पाठीवर हलायचं नाही अशी सूचना असते. ‘तेवढ्या वेळात मी सगळं ठरवून टाकलं,’ असं तो नंतर म्हणाला. काय ठरवलं, असं विचारल्यावर म्हणाला, ‘हेच, की ही किडनी टिकणार नाही आणि ताईला तोंड कसं दाखवायचं.’

पहिली भेट

तो वेळेआधी आला, सोबत एक जाड वही. बसल्या बसल्या म्हणाला, ‘मॅडम, मला काही झालेलं नाही. ज्यांना किडनी मिळत नाही त्यांच्याकडे बघा. मी तर नशीबवान आहे.’ हे वाक्य प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मी सावध होते. ‘नशीबवान असूनही त्रास होऊ शकतो,’ एवढंच म्हणाले आणि वही बघायला मागितली.

वहीत रोजचं वजन, ताप, रक्तदाब, प्यायलेलं पाणी आणि लघवीचं माप होतं. घरी जाताना असं लिहून ठेवायला सगळ्यांनाच सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण सुरुवातीच्या पानांवर दिवसाला एक ओळ होती. बायोप्सीनंतर एका दिवसाला एक पान लागू लागलं होतं. ताप सहा-सात वेळा मोजलेला, रक्तदाब त्याहून जास्त. रात्री दोनला, साडेतीनला घेतलेल्या नोंदी. समासात बारीक अक्षरांत ‘दु.’ असं ठिकठिकाणी लिहिलेलं. ते काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘दुखतंय का ते बघतो.’ म्हणजे कसं? त्याने शर्टावरूनच उजव्या बाजूला चार बोटं टेकवली आणि चांगली खोलवर दाबून दाखवली. किडनी सुजली तर दाबल्यावर दुखते हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. दिवसातून तीसेक वेळा तो असं दाबून बघायचा. साहजिकच संध्याकाळपर्यंत ती जागा हुळहुळी व्हायची, आणि मग ‘दुखतंय’ अशी नोंद व्हायची.

गोळ्यांचा विषय मी मुद्दाम शेवटी काढला. ‘घेता का’ असं विचारलं की ‘घेतो’ असंच उत्तर येतं, म्हणून विचारलं, ‘कुठल्या वेळेची गोळी घेणं सगळ्यात अवघड जातं?’ तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘सकाळची.’

सकाळी आठच्या गोळीनंतर तासा-दोन तासांनी त्याचा हात थरथरायचा. टॅक्रोलिमसने हात कापणं हा अगदी ओळखीचा दुष्परिणाम आहे. गोळीनंतर एक ते तीन तासांत औषधाचं रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जातं आणि कंपही तेव्हाच वाढतो. नेमके त्याचे तास त्या वेळेत असत. फळ्यावर वर्तुळ काढताना रेघ वेडीवाकडी गेली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून तो तास संपेपर्यंत गोळी घेईना. दुपारी दोनला सकाळची गोळी घ्यायची, मग अंतर राखायचं म्हणून रात्रीची बाराला. तपासणीच्या दिवशी सकाळी आठला रक्त दिलं की बारा तासांऐवजी आठच तासांनंतरची लेव्हल यायची, म्हणजे वरची. एखाद्या दिवशी दुपारची गडबड झाली आणि गोळी राहूनच गेली, की दुसऱ्या दिवशी लेव्हल खाली. डॉक्टरांना न उलगडणारा चढउतार हा असा होता. विसराळूपणाचा त्यात काही संबंध नव्हता. चोवीस तास किडनीची राखण करणारा माणूसच तिचं औषध पुढे ढकलत होता, आणि हे आपल्याला कळतंय म्हणून स्वतःला अपराधी समजत होता.

तपासणी आणि निदान

नैराश्याच्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या चाचणीत त्याला २७ पैकी १६ गुण मिळाले, चिंतेच्या जीएडी-७ चाचणीत २१ पैकी १४. दोन्हींत १० किंवा त्याहून जास्त गुण आले की अधिक चौकशी करायची असते. मात्र या रुग्णांच्या बाबतीत केवळ गुणांवर विसंबून चालत नाही. थकवा, झोप न लागणं, भूक बदलणं, लक्ष न लागणं हे नैराश्यातही असतं आणि रक्त कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, मॅग्नेशियम उतरलं असेल, सीएमव्हीसारखा विषाणू संसर्ग असेल किंवा प्रत्यारोपणानंतर नव्याने मधुमेह झाला असेल तरीही असतं. म्हणून नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, या सगळ्या तपासण्या करायला सांगितलं. मॅग्नेशियम थोडं कमी निघालं, बाकी ठीक होतं.

स्टिरॉइडचाही विचार केला. प्रेडनिसोलोनमुळे मनावर होणारा परिणाम डोसवर अवलंबून असतो. १९७२ साली बॉस्टनमधल्या एका मोठ्या पाहणीत दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत डोस असलेल्यांत मानसिक लक्षणं १.३ टक्के लोकांत दिसली होती, तर ८० मिलिग्रॅमच्या वर डोस असलेल्यांत १८.४ टक्के. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत, डोस मोठा असताना, आपल्याला रात्र रात्र झोप नव्हती आणि ‘अंगात वारं भरल्यासारखं’ वाटायचं असं त्याने सांगितलं. ते स्टिरॉइडचं असणार. पण आता डोस बराच उतरला होता आणि त्रास वाढत होता.

मग मी चाचणीतल्या शरीराशी संबंध नसलेल्या उत्तरांकडे पाहिलं. स्वतःविषयी वाईट वाटणं: जवळपास रोज. कशातच रस न वाटणं: जवळपास रोज. आणि नववा प्रश्न, मरून गेलेलं बरं असं वाटण्याचा: ‘काही दिवस’.

इथे प्रत्यारोपणाच्या रुग्णाला एक जास्तीचा प्रश्न विचारावाच लागतो, तोही सरळ शब्दांत: गोळ्या बंद करून टाकाव्यात असं मनात येतं का? इतर रुग्णांत जीव देण्याच्या साधनांची चौकशी करतात, तशी इथे ही. या माणसाचं साधन रोज दोन वेळा त्याच्या हातात असतं. तो खाली बघत म्हणाला, ‘एकदा आलं होतं. तसं केलं नाही.’ योजना नव्हती, आधी कधी प्रयत्न नव्हता, मुलीचं नाव त्याने आपणहून काढलं. तरी हे पत्नीला आणि नेफ्रॉलॉजिस्टना सांगणं गरजेचं आहे असं मी त्याला समजावलं. तो तयार झाला आणि त्याच्यासमोरच सांगितलं. गोळ्यांचा डबा काही आठवडे पत्नीने सांभाळायचा असं ठरलं. बेत पक्का होतोय असं वाटलं तर भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालयात यायचं, हेही दोघांना स्पष्ट सांगितलं.

मानसोपचारतज्ज्ञांनी मध्यम स्वरूपाच्या नैराश्याचं निदान केलं, त्याच्या जोडीला तब्येतीविषयीची तीव्र चिंता.

असा रुग्ण विरळा नसतो. आतापर्यंतच्या अभ्यासांचा एकत्र विचार केला, तर किडनी प्रत्यारोपण झालेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला चाचण्यांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसतात. डायलिसिसवरच्या रुग्णांपेक्षा हे प्रमाण कमी आहे, म्हणून प्रत्यारोपणाने माणूस सुखी होतो हे खरंच आहे. पण ‘सुखी होतो’ या बोलण्यात तो चौथा माणूस दिसेनासा होतो. आणि त्याचं न दिसणं महागात पडतं, कारण प्रत्यारोपणानंतरच्या नैराश्याचा मृत्यूच्या वाढत्या धोक्याशी संबंध आढळलेला आहे.

त्रासाची मुळं

त्याच्या बोलण्यातून हळूहळू तीन गोष्टी वर आल्या. त्यातल्या दोन मी थोडक्यात सांगते.

पहिली, डायलिसिसचं सुटलेलं जग. ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, पण अनेकांना त्याची उणीव भासते. आठवड्यातून तीनदा कुणीतरी वजन बघतं, रक्तदाब बघतं, नर्स नावाने हाक मारते, शेजारच्या खाटेवर ओळखीचा माणूस असतो. प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांतच महिन्याला एक भेट उरते आणि मधले दिवस माणूस एकटा पडतो. त्याच्या शेजारच्या खाटेवर असायचे ते गृहस्थ अजून प्रतीक्षायादीत होते. त्यांच्या फोनला उत्तर देणं त्याने बंद केलं होतं. ‘त्यांना काय सांगू, बरं चाललंय म्हणून?’

दुसरी, आरशातला चेहरा. स्टिरॉइडने चेहरा गोल झाला होता. भेटायला येणारे म्हणायचे, ‘वा, तब्येत चांगली सुधारली!’ जी सूज त्याला औषधाची वाटायची, तिचं कौतुक ऐकून घ्यावं लागायचं.

तिसरी गोष्ट बहिणीची, आणि माझ्या मते बाकी सगळं तिच्याभोवती फिरत होतं.

ताई रोज संध्याकाळी फोन करायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं: ‘काय म्हणते माझी किडनी?’ ती हे लाडाने म्हणायची. त्याला तो हिशेब मागितल्यासारखा वाटायचा. क्रिएटिनिन १.२ असेल तर तो आकडा सांगून सुटायचा. १.३ असेल तर फोनच उचलायचा नाही. बायोप्सी झाली हे त्याने तिला कळवलंच नाही. आजवर दोघं एकमेकांशी भांडत आली होती. आता त्याला तिचा राग यायचा आणि आलेला राग गिळून टाकावा लागायचा, कारण जिने पोट फाडून किडनी दिली तिच्यावर कोणत्या तोंडाने चिडायचं? त्याचे शब्द असे होते: ‘तिच्याशी बोलताना मी सारखा नमस्कार केल्यासारखा बोलतो. मला ती पूर्वीची ताई पाहिजे.’

अवयवदानाचा अनेक वर्षं अभ्यास केलेल्या रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या अभ्यासकांनी याचं वर्णन दानाची जुलूमशाही असं केलं आहे. फेडता न येणारं दान घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही एकमेकांशी बांधून टाकतं. अगदी पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणातही याची झलक दिसते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवली. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली होती, की तू इथून निघून घरी जा. रोनाल्डने उलट कळवलं, मी आलोय आणि इथेच राहणार. मरणाच्या दारात असलेल्या माणसालाही आपल्याकरता भावाने चिरून घ्यावं हे पेलवत नव्हतं. त्या प्रत्यारोपणाचं तंत्र आपण शिकवतो. ती चिठ्ठी मात्र कुणी शिकवत नाही, आणि मला वाटतं शिकवायला हवी.

या कृतज्ञतेनेच रुग्णाचं तोंड बंद केलं होतं. त्रास होतोय असं म्हटलं, तर ताईच्या त्यागाचं मोल कमी केल्यासारखं होईल. डॉक्टरांना सांगितलं, तर एवढी मेहनत घेऊनही हा रडतोच आहे असं त्यांना वाटेल. पत्नीला सांगितलं, तर डायलिसिसची सव्वादोन वर्षं काढलेल्या बाईला अजून किती घोर लावायचा. त्यात सगळे विचारणार तेही असंच, ‘आता छान आहे ना?’ त्या प्रश्नाला ‘हो’ शिवाय उत्तर देता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बोलता न आलेला त्रास मग वहीत, दाबणाऱ्या बोटांत आणि पुढे ढकललेल्या गोळीत उतरला.

उपचार

पहिला उपाय औषधाचा, आणि तो मनाच्या औषधाचा नव्हता. नेफ्रॉलॉजिस्टना कंपाविषयी कळल्यावर त्यांनी मॅग्नेशियम भरून काढलं आणि टॅक्रोलिमसचा दिवसातून एकदाच घ्यायचा, हळूहळू रक्तात उतरणारा प्रकार सुरू केला. अशा प्रकारात रक्तातलं प्रमाण एकदम वर चढत नाही, त्यामुळे काहींचा कंप कमी होतो. त्याचा झाला. पूर्ण गेला नाही, पण खडू धरता येऊ लागला. वर्गात ‘माझ्या एका औषधाने हात थोडा कापतो’ एवढं एक वाक्य सांगून टाकायचं ठरलं. दोन भेटींत त्याने ते माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिलं आणि एका सकाळी वर्गात म्हणून टाकलं. मुलांनी ऐकून घेतलं आणि गणित पुढे सुरू झालं.

नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन निवडलं, लहान डोसपासून. इथे निवड जपून करावी लागते. टॅक्रोलिमसचं विघटन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे होतं, त्यावर काही औषधं परिणाम करतात. फ्लुवोक्सामिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधाने लेव्हल वाढू शकते. उदासीवर लोक स्वतःच्या मनाने घेतात ती सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती लेव्हल पाडते आणि त्यातून रिजेक्शन झाल्याची उदाहरणं आहेत. लिथियम हे मनाच्या आजारांवरचं औषध किडनीला घातक ठरू शकतं. सर्ट्रालिनचा तसा उपद्रव फारसा नाही, तरी सुरू केल्यावर टॅक्रो लेव्हल आणि सोडियम तपासलं. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ म्हणून कुणी दिलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, हे त्याच्या पत्नीलाही बजावून सांगितलं.

चिंतेवरचं काम सर्वांत अवघड होतं. नेहमीच्या आरोग्यचिंतेत आपण रुग्णाला पटवून देतो, की तुमची भीती अवाजवी आहे. इथे तसं म्हणणं खोटं ठरलं असतं. रिजेक्शन होऊ शकतं. ताप आला तर खरोखर धावावं लागतं. आयजीए नेफ्रोपॅथी नव्या किडनीतही परत येऊ शकते. त्याची भीती घालवायची नव्हती, तिला कुंपण घालायचं होतं.

म्हणून नेफ्रॉलॉजिस्ट, रुग्ण आणि मी मिळून एक कागद तयार केला. कशासाठी ताबडतोब फोन करायचा, ते त्यावर लिहिलं: ताप १०० फॅरनहाइटच्या वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचा, १००.४ किंवा जास्त असेल तर फोन. लघवी एकदम कमी झाली, दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, उलट्यांमुळे गोळी पोटात राहिली नाही, किडनीच्या जागी न दाबतासुद्धा दुखू लागलं, तर फोन. बाकी सगळं सकाळपर्यंत थांबू शकतं. खाली नेफ्रॉलॉजिस्टची सही. सही का महत्त्वाची, तर रात्री तीनला मन शंका काढतं तेव्हा मानसशास्त्रज्ञाचा शब्द पुरत नाही, किडनीच्या डॉक्टरांचा लागतो.

मग नोंदी कमी करत गेलो. ताप दिवसातून दोनदा, रक्तदाब दोनदा, वजन सकाळी एकदा. रात्री दहा ते सकाळी सहा वही पत्नीच्या कपाटात. दाबून बघणं एकदम सुटेना. तेव्हा त्याने स्वतःच सुचवलं, की दाबायची ओढ झाली की हात त्या जागेवर नुसता ठेवायचा आणि ओढ ओसरेपर्यंत दाबायचं नाही. सुरुवातीला ती पंधरा-वीस मिनिटं पाठ सोडायची नाही, पुढे एक-दोन मिनिटांत विरायची. आठवड्याभरात त्या जागेचा हुळहुळेपणा गेला. आपण दाबतो म्हणून दुखतं हे त्याला कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

क्रिएटिनिनसाठी आलेख काढायला सांगितलं. गणिताचा माणूस, त्याला ते आवडलं. सगळे जुने आकडे मांडल्यावर १.२ आणि १.३ मधली ये-जा त्याला डोळ्यांनी दिसली. कमी पाणी, जास्त व्यायाम, प्रयोगशाळेतला किरकोळ फरक, एवढ्यानेही आकडा तितका हलतो. एका आकड्यापेक्षा रोख बघायचा, हे त्याने मला समजावून सांगितलं.

बहिणीबरोबरची भेट

तो बरेच आठवडे याला तयार नव्हता. शेवटी ताईच आली, जरा रागात. ‘किडनी दिली तेव्हापासून हा माझ्याशी धड बोलत नाही. मी काय चुकले ते तरी सांगा.’

मी त्याला बोलायला लावलं. त्याने बायोप्सीचं सांगितलं, फोन न उचलण्याचं सांगितलं. ‘काय म्हणते माझी किडनी’ या वाक्याने काय होतं तेही सांगितलं. ती गप्प ऐकत राहिली. मग जे म्हणाली ते आम्हा दोघांनाही अपेक्षित नव्हतं: ‘अरे, मला दुसरं काय विचारायचं तेच सुचत नाही. मलाही भीती वाटते. आता माझ्याकडे एकच आहे ना. पण मी ते कुणाला बोलू?’

तिच्या जखमेची बाजू अजून बधिर होती, थकवा महिनोन्महिने टिकला होता, आणि या सगळ्या काळात घरात, नात्यात, रुग्णालयात सगळे विचारायचे ते भावाचं. दात्याची उरलेली किडनी काम वाढवून बरीचशी भरपाई करते, आणि नीट तपासून निवडलेले दाते सहसा उत्तम राहतात. पण दरवर्षी रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासून घ्यायला हवं. तिची सहा महिन्यांची तपासणी राहून गेली होती. ‘मला काही निघालं तर त्याला वाईट वाटेल,’ हे तिचं कारण. भाऊ तिच्यापासून आकडा लपवत होता आणि ती त्याच्यापासून स्वतःची तपासणी. दोघं एकमेकांना जपत होती आणि त्यापायी एकमेकांना पारखी झाली होती.

त्या भेटीत ठरलेल्या गोष्टी साध्या होत्या. आकडे फोनवर विचारायचे नाहीत, महिन्यातून एकदा दोघांनी आपापले रिपोर्ट एकमेकांना पाठवायचे, तिनेही. बाकी फोनवर पूर्वीसारखं काहीही बोलायचं, भांडायलाही हरकत नाही. ‘किडनी नीट सांभाळली नाही म्हणून मी बिघडवली, असं झालं तर?’ हे त्याने तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, ‘मग आपण दोघं मिळून रडू. पण लपवलंस तर मी खरंच बोलणार नाही.’ गंमत म्हणून नव्हे, ठाम आवाजात म्हणाली, आणि त्याला त्याने जेवढं बळ मिळालं तेवढं माझ्या कुठल्याही वाक्याने मिळालं नव्हतं.

पुढचा काळ

चारेक महिन्यांत पीएचक्यू-९ चे गुण ७ वर आले, जीएडी-७ चे ६ वर. नववा प्रश्न शून्य. टॅक्रो लेव्हल ठरलेल्या मर्यादेत सलग राहू लागली. डबा पुन्हा त्याच्याकडे गेला.

मध्ये एक धक्का बसला. मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ताप आला. १००.८ दिसल्यावर त्याने कागदाप्रमाणे फोन केला, भरती झाला, प्रतिजैविकांनी बरा झाला. पण घरी आल्यावर वही पुन्हा रात्रीची बाहेर निघाली आणि दाबणंही सुरू झालं. अशी उचल होणार हे आधीच बोलून ठेवलेलं होतं, त्यामुळे तो हातपाय गाळून बसला नाही. दोन-तीन आठवड्यांत गाडी रुळावर आली. या वेळी बहिणीला त्याने पहिल्याच दिवशी कळवलं होतं.

सगळं सुटलं असं नाही. बहिणीचं ऋण त्याला अजून टोचतं, पूर्वीइतकं जोरात नाही इतकंच. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना त्याने फोन केला, त्यांची किडनी अजून आलेली नाही, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर तासभर त्याचं मन उदास राहतं. ते मी आजार समजत नाही आणि त्यावर उपचारही करत नाही.

विभागात काय बदललं

किडनी प्रत्यारोपण झालेल्यांत दर वर्षी शंभरांमागे सुमारे ३६ जण रिजेक्शन टाळणाऱ्या गोळ्यांत टाळाटाळ करतात, असं जुन्या अभ्यासांच्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. हृदय किंवा यकृत बदललेल्यांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे. एवढ्या लोकांना ‘बेफिकीर’ म्हणून मोकळं होता येणार नाही. म्हणून आमच्याकडे लेव्हल चढउतार करू लागली की गोळ्यांवरून कानउघाडणी करण्याआधी कोऑर्डिनेटर आता दोन प्रश्न विचारते: कुठल्या वेळेची गोळी अवघड जाते, आणि गोळीने असं काय होतं जे तुम्हाला नको वाटतं?

तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या तपासणीत पीएचक्यू-९ रक्ताच्या नळ्यांबरोबरच हातात दिली जाते. रुग्ण एकटा असताना भरायची, नातेवाइकांसमोर नाही. दात्यांनाही दिली जाते. प्रश्न विचारण्याची पद्धतही बदलली. ‘आता बरं आहे ना?’ याऐवजी डॉक्टर म्हणतात, ‘या महिन्यात पुष्कळांची झोप उडते, मन उतरतं. तुमचं काय?’ लोक बोलू लागतात. कधी कधी ओपीडीची रांग खोळंबते, तक्रारी येतात, आणि तो प्रश्न अजून आम्हाला सोडवता आलेला नाही.

या रुग्णाचं सर्ट्रालिन लक्षणं गेल्यानंतर आणखी किमान सहा ते नऊ महिने चालू राहील. बंद करताना डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा, त्या काळात टॅक्रो लेव्हल जास्त वेळा बघायची आणि भेटी पंधरा दिवसांवर आणायच्या, असं ठरलं आहे.